बुलेटला जेट किट: दहा महिने, ८,७०० किलोमीटर आणि शेवटी गाडीत काय राहिलं

जानेवारीत माझ्या २०१४ च्या रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० मध्ये जेट किट टाकलं, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनाला किती पेट्रोल जायचं ते ठरवणाऱ्या पितळी जेटचा आणि सुईचा संच. आता ऑक्टोबर संपत आला. मधे नवतपाचं कडक ऊन गेलं, पावसाळा गेला, घाट झाले. म्हणून आता लिहितो. किट बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं, आणि ते अर्धंच खरं ठरलं असतं.

आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यात. गाडीचं काम म्हणजे सकाळ-संध्याकाळ संत्र्याच्या बागेत जाणं, आठवड्यातून एकदा अमरावती, आणि दीड-दोन महिन्यांनी परतवाड्यावरून चिखलदरा, कारण बहीण तिकडे शिक्षिका आहे. थोडक्यात, मातीचा रस्ता, डांबरी रस्ता आणि घाट असं तिन्ही वापरात येतं.

गाडी जुनी घेतली. आधीच्या मालकानं मूळ एअर फिल्टरचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर लावला होता आणि सायलेन्सरही मोकळा. जेट मात्र कंपनीचेच. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं. त्यामुळे रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके, थंडीत चोक ओढूनही पाच-सहा किका, आणि चौथ्या गिअरला चाळीसवर रेस दिली की गाडी एक क्षण थांबून मग पकडायची. सायलेन्सरचा बेंड निळा पडला होता. प्लग काढला तर पांढराफटक. दोन्ही पेट्रोल कमी पडून इंजिन तापत असल्याच्या खुणा.

आमच्या मिस्त्री काकांना किटचं सांगितलं तर ते म्हणाले, "बापू, जेट कायले घेतं आधीच? हवा कुठून येऊन राह्यली थे पाय, मंग जेट." त्यांनी गाडी आयडलिंगला ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरावर कार्ब क्लीनर फवारला. लगेच इंजिनाचा आवाज बदलला. रबराला खालून चीर होती, तिथून चोरटी हवा आत जात होती. नवं रबर बसवल्यावर निम्मे फटाके तिथंच थांबले. किट घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं आधी हे करावं. त्याच बैठकीत कार्बोरेटरमधल्या व्हॅक्यूम पिस्टनचा (हवेच्या ओढीनं सुईसकट वर उचलला जातो तो) डायफ्राम, म्हणजे पातळ रबरी पडदाही उजेडासमोर धरून बघावा. सुईएवढं भोक असलं तरी पिस्टन नीट उचलला जात नाही आणि तुम्ही जेटला दोष देत बसता.

उरलेल्या निम्म्यासाठी किट घेतलं. ऑनलाइन, १,४५० रुपये. त्यात चार मेन जेट (मोठ्या रेसचे), दोन पायलट जेट (आयडलिंग आणि कमी रेसचे), पाच खाचांची एक सुई (मधल्या रेसची), अर्ध्या मिलिमीटरचे वायसर, ओ-रिंगा आणि पिस्टनची एक मऊ स्प्रिंग. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, पण जेट भिंगाखाली धरले तेव्हा एका मेन जेटच्या छिद्राच्या काठाला पितळेचा कीस लोंबत होता. दुसऱ्या एका जेटवर आकडा वेगळा होता, पण छिद्र शेजारच्या जेटएवढंच दिसत होतं. जेट म्हणजे मोजून पाडलेलं छिद्र. तेच खोटं असेल तर बाकी सगळं व्यर्थ. शेवटी जुने जेट डबीत घालून नागपूरला नेले आणि कार्बोरेटर बनवणाऱ्या मिकुनी कंपनीचे खरे जेट आणले. किटमधले वायसर आणि ओ-रिंगा तेवढ्या वापरल्या.

आकड्यांबद्दल एक गोष्ट दुकानातही कोणी सांगत नाही. केहीन या कार्बोरेटरच्या दुसऱ्या कंपनीच्या मेन जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा मिनिटाला किती पेट्रोल वाहतं त्यावर ठरतो. मित्राच्या केहीनमधला ११० बघून आपल्या मिकुनीत ११० टाकणं म्हणजे किलोची तुलना लिटरशी करणं. शिवाय व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर छिद्राचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं, म्हणून "थोडाच मोठा" जेट वाटतो तेवढा थोडा नसतो. माझे आकडे मी मुद्दाम देत नाही. तुमच्या जेटवर जो आकडा आहे तिथूनच मोजा, एका वेळी एकच पायरी.

पहिल्या जुळणीत पायलट एक पायरी मोठा, मेन दोन पायऱ्या मोठा आणि किटची सुई मधल्या खाचेवर. सुई चार दिवसांत काढली. तिचा निमुळतेपणा मूळ सुईपेक्षा वेगळा होता. अर्ध्या रेसवर गाडी कधी भरभरून ओढायची, कधी गुदमरायची. मूळ सुई परत टाकून तिच्याखाली एक वायसर दिला, म्हणजे सुई अर्धा मिलिमीटर वर आली, आणि मधला भाग एकदम गुळगुळीत झाला. मऊ स्प्रिंग मी लावलीच नाही.

ही तपासणी कशी करायची ते सांगतो, कारण नुसतं "मस्त वाटतंय" म्हणून चालत नाही. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या डब्यावर कागदी टेप चिकटवून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा केल्या. साधारण पाव रेसपर्यंत पायलट जेटचं राज्य, पाव ते पाऊण सुईचं, आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचं. पहाटे रिकाम्या रस्त्यावर एकेका खुणेवर गाडी धरून चालवायची आणि अडखळते कुठे ते बघायचं.

त्या टेपनं मला किटपेक्षा मोठी गोष्ट शिकवली. आठ दिवस रोजच्या फेऱ्यांत लक्ष ठेवलं तर पाऊण खुणेपलीकडे मूठ फिरलीच नाही म्हटलं तरी चालेल. बागेचा रस्ता तीस-चाळीसचा, अमरावतीचा साठ-पासष्टचा, त्यातही ट्रॅक्टर आणि गुरं. ज्या मेन जेटसाठी लोक किट घेतात, त्याची पाळी आमच्या रस्त्यांवर क्वचितच येते. आमची गाडी पायलट आणि सुईवर चालते. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकेत चालू होणं, रेस सोडल्यावर फटाके थांबणं, चिखलातून कमी रेसवर न बंद पडता निघणं, हा सगळा फायदा मला एका पायलट जेटनं आणि एका वायसरनं दिला.

किंमत ॲव्हरेजमध्ये मोजली. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशा हिशोबानं आधी ३४ मिळत होतं, पहिल्या जुळणीवर २९. पीयूसीलाही गाडी नापास झाली. आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३.८ आला, मर्यादा साडेतीन टक्के. पीयूसी आयडलिंगलाच होते, म्हणजे तिथं मेन जेटचा संबंध नाही, पायलट आणि मिक्श्चर स्क्रूचा (आयडलिंगला हवा-पेट्रोलचं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूचा) आहे. स्क्रू अर्धा फेरा आत घेतल्यावर २.१ वर आला. स्क्रू फिरवण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. इंजिनकडच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलचा, बाहेर काढला की मिश्रण घट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. फिल्टरकडच्या बाजूचा हवेचा, बाहेर काढला की पातळ, म्हणजे हवा जास्त. जुन्या गाड्यांवर काम केलेले मिस्त्री इथं हमखास उलट फिरवतात.

मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची मळणी सुरू झाली आणि मला कोन फिल्टरचा खरा स्वभाव कळला. थ्रेशरच्या बाजूनं आठवडाभर ये-जा केल्यावर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडातून पांढरं फडकं फिरवलं, तर ते मातीच्या रंगाचं बाहेर आलं. ती माती सिलेंडरमध्ये जात होती. त्याच संध्याकाळी ठरवलं आणि मूळ डबा आणि कागदी फिल्टर शोधून परत बसवला. साहजिकच मेन जेट आता जास्तीचा झाला. पाऊण रेसवर गाडी जड, प्लग काजळीनं काळा. एक पायरी खाली आलो. एप्रिलमध्ये मोकळा सायलेन्सरही उतरवला. तो कायद्यात बसत नाही, आणि पहाटे पाचला बागेत जाताना आळीतली म्हातारी माणसं दचकून उठतात हे मला बरं वाटत नव्हतं. मूळ सायलेन्सर लागला तसा मेन जेट आणखी एक पायरी खाली, म्हणजे पुन्हा कंपनीचाच.

मे महिन्यात पारा ४५ वर गेला. तापलेली हवा विरळ होते, जेट मात्र तेवढंच पेट्रोल सोडतो, त्यामुळे मिश्रण आपोआप घट्ट होतं. दुपारी सिग्नलला आयडलिंग जड झालं की मी स्क्रू पाव फेरा आत घेतला, बाकी काही नाही. चिखलदऱ्याला तेच उंचीमुळे होतं. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास. फेब्रुवारीत मोठ्या मेन जेटवर वरच्या वळणांना गाडी घुर्रघुर्र करत चढली होती. ऑगस्टमध्ये कंपनीच्या मेन जेटवर मागे बहीण आणि तिचं सामान घेऊन तोच घाट तिसऱ्या गिअरवर सरळ चढली.

मग मूळ सायलेन्सर, मूळ फिल्टर असताना पायलट मोठा का ठेवला? कारण पंपावरचं पेट्रोल बदललं आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिसळलेल्या ई-२० ला साडेतेराच्या जवळपास. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे एप्रिल २०२० च्या आधीच्या आपल्या कार्बोरेटरच्या गाड्या ई-२० वर थोड्या उपाशी चालतात. एक पायरी मोठा पायलट ती भूक भागवतो. प्लग आता फिकट तपकिरी आहे, बेंडचा निळेपणा वाढलेला नाही, ॲव्हरेज ३२-३३.

ई-२० मुळे दुसरी एक सवय लागली. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात दहा-बारा दिवस गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट बाउलमधलं (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल सोडून देतो. जुलैमध्ये एकदा विसरलो तर पायलटमध्ये हिरवट थर बसला होता. तो काढायला क्लच वायरची तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र एकदा खरवडलं की जेटवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते.

तर मूळ फिल्टर, मूळ सायलेन्सर असलेल्यानं पूर्ण किट घेऊ नये. एक अस्सल पायलट जेट, दोन वायसर, नव्या ओ-रिंगा आणि नवी फ्लोट सुई (बाउल भरला की पेट्रोल अडवणारी) घ्यावी, मजुरीसकट किटपेक्षा कमीत भागतं. ज्यांनी फिल्टर आणि सायलेन्सर दोन्ही मोकळे केलेत आणि ते तसेच ठेवायचेत, त्यांना मात्र मेन जेटशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी तो बदलावाच, नाहीतर इंजिन तापून जाईल. बाउलचे स्क्रू घासून गेले असतील तर त्याच वेळी ॲलनचे बोल्ट टाकून घ्या.

उरलेले मेन जेट गोळ्यांच्या रिकाम्या डबीत नाव-आकडा लिहून ठेवलेत. परवापासून पहाटे गारवा जाणवतो आहे. मे महिन्यात आत घेतलेला पाव फेरा रविवारी परत बाहेर काढायचा आहे.