कोकणात ऑक्युपेशनल थेरपी: जिल्हा रुग्णालय, मुंबई की व्हिडिओ कॉल?

दापोली, राजापूर, देवगडसारख्या गावात फिजिओथेरपिस्ट बहुधा मिळून जातो; ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधावा लागतो. ढोबळमानाने सांगायचं तर पॅरालिसिसनंतर खांदा, कोपर, गुडघा हलता करणं हे फिजिओचं काम. त्याच हाताने भात कालवणं, बटण लावणं, न्हाणीघरात बसून उठणं हे ऑक्युपेशनल थेरपीचं.

रुग्ण लहान मूल असेल तर पहिला फोन जिल्हा रुग्णालयाला करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्यातल्या, जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत सेवा मिळते. फक्त तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे की फिजिओच सगळं बघतो, हे एसटीत बसण्याआधी विचारा. मुलाला ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर वर्षाला एक लाखापर्यंतच्या 'निरामय' विम्याचीही चौकशी करा.

मोठ्या माणसासाठी मुंबईचं पारडं जड. केईएम, नायर आणि सायनला हा विषय शिकवला जातो, म्हणजे विभाग मोठा, हात अनुभवी. हाजीअलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे. हाताला मापाने स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) बनवून घ्यायचा तर समोर बसावंच लागतं. तो फोनवर होत नाही. पण महिन्यातून एकदा तुतारी एक्सप्रेसने जाऊन येण्यात रुग्ण दमतो आणि हाती फारसं लागत नाही. त्यापेक्षा डोंबिवली-विरारच्या नातेवाइकांकडे दोन-तीन आठवडे राहून सलग उपचार घ्यावेत. (कोणाकडे राहायचं यावरून घरात जे होतं, ते होऊ द्यावं.) सावंतवाडी-दोडामार्गकरांना गोव्यातली बांबोळी (गोवा मेडिकल कॉलेज) जवळ पडते, तिथेही विचारून बघावं.

व्हिडिओ कॉलला मी आधी नाक मुरडत असे. आता वाटतं, पुढच्या टप्प्याला तो मुंबईपेक्षाही बरा. चिऱ्याच्या पायऱ्या, उंच उंबरा, पडवीतला कॉट, परसातला संडास हे सगळं थेरपिस्टला जसंच्या तसं दिसतं आणि कठडा नेमका कुठे बसवायचा ते ती सांगू शकते. अट एकच: फोन धरणारं आणि रुग्णाला सावरणारं माणूस वेगळं हवं. पॅरालिसिसच्या झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र नुसत्या व्हिडिओवर राहू नका. पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, ते आलंच.

ठरावीक वारी गावात येणारा थेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. पदवी बीओटीएच (ऑक्युपेशनल थेरपीची पदवी) आहे का बघा आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. 'थेरपी सेंटर' अशी पाटी कोणीही लावतं. मग विचारा, "घरी रोज काय करून घ्यायचं ते लिहून द्याल का?" "घरी काही करू नका, इथेच आणा" असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.