टाइल लेव्हलिंग क्लिप आणि वेज : २ बाय ४ च्या टाइलला भिंतीवर कितपत पुरतात?

सांगली-मिरजेत हल्ली गुजरातेतल्या मोरबीची २ बाय ४ फुटी टाइल घेतली की दुकानदार लेव्हलिंग क्लिप आणि वेज (पाचर) यांची पिशवीही काउंटरवर ठेवतो. ‘ही लावा, भिंत आरशासारखी येते.’ यातलं अर्धंच खरं आहे. शेजारच्या दोन टाइलच्या कडा एका पातळीत धरून ठेवणं, हे काम क्लिप उत्तम करते. ओळंब्यात नसलेली भिंत सरळ करणं तिच्या हातात नाही. एवढं मिस्त्रीला आणि घरमालकाला दोघांनाही पटलेलं असेल तर पिशवी जरूर घ्यावी.

बाजारात तीन प्रकार दिसतात. पहिला साधा: पांढरी, मोडून टाकायची क्लिप आणि दातेरी वेज. क्लिपचा तळ टाइलच्या मागे बसतो, मान सांध्यातून बाहेर येते, मानेच्या खिडकीत वेज सरकवून आवळायचा. अ‍ॅडेसिव्ह वाळलं की मान तोडायची, तळ आतच राहतो. भिंतीसाठी हाच घ्यावा. दुसरा, फिरकीच्या टोपीचा. तो हाताने आवळता येतो, पण टोपी फिरताना गुळगुळीत ग्लेझवर (टाइलच्या चकचकीत थरावर) चरे पडू शकतात, खाली चकती लागतेच. तिसरा, स्टीलच्या टोकाचा पुन्हा वापरायचा टी-पिन. तो दीड-दोन मिलिमीटर सांध्याशिवाय आत जात नाही आणि भरपूर अ‍ॅडेसिव्ह असलेल्या भिंतीत टोक अडकून बसतं. ओढून काढताना कडेचा टवका उडाला की वाचवलेले पैसे तिथेच गेले.

क्लिप घेताना मानेची जाडी बघा. ‘सांधा दिसायलाच नको’ असा आग्रह असेल तर १ मिलिमीटरची मिळते, पण २ ची घेतलेली बरी. मान लवते, म्हणून सांध्याचं माप क्लिपवर सोडू नये, स्पेसर (सांध्यात ठेवायचे मापाचे तुकडे) वेगळे लावावेत. एक-दोन क्लिप दुकानातच मोडून पाहा. तुटायची जागा टाइलच्या पृष्ठभागाच्या खाली यायला हवी. वर तुटली तर सांध्यात खुंट राहतो आणि ग्राउट (सांध्याचा मसाला) भरताना डोकं उठवतो. उन्हात पडून राहिलेला माल ठिसूळ होतो, आवळतानाच तुटतो. वेजचे दात झिजलेले असतील तर तो हळूहळू मागे सरकतो आणि सकाळी एक कड वर आलेली दिसते.

आता भिंत, कारण सपाटीचा निकाल तिथेच लागतो. ६ किंवा ८ फुटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उभी, आडवी आणि तिरकी लावून पाहायची. १५ इंचांपेक्षा लांब कडेच्या टाइलला १० फुटांत ३ मिलिमीटर आणि २ फुटांत दीड मिलिमीटर, एवढाच फरक चालतो. १ बाय दीडच्या टाइलमागे जो फुगवटा लपून जायचा, तो ४ फुटी टाइलमागे लपत नाही, टाइल त्यावर डुगडुगते. चार इंची विटांच्या भिंतीची एकच बाजू सरळ येते, दुसरीकडे कसर गिलाव्यात भरून काढावी लागते. ती आधीच, ओळंबा-दोरी लावून काढावी. अ‍ॅडेसिव्हने खड्डे भरू नयेत. जाड थर वाळताना आक्रसतो आणि टाइलला आत ओढतो. संध्याकाळी पातळीत असलेली टाइल दुसऱ्या दिवशी बुडालेली दिसते, ती यामुळेच.

सांगलीच्या गावभागासारख्या ठिकाणी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या भिंती असतील तर लोणा पाहा. पांढरी भुकटी हाताला लागत असेल तर त्या गिलाव्यावर कुठलंच अ‍ॅडेसिव्ह धरणार नाही. तो विटेपर्यंत खरवडून नवा करावा, ७ दिवस पाणी मारावं आणि पुढे तीनेक आठवडे वाळू द्यावा. रंग असेल तर तोही काढायचा.

९ मिलिमीटर जाडीची २ बाय ४ ची व्हिट्रिफाइड टाइल साधारण १५ किलोची असते आणि पाणी जवळपास शोषत नाही. म्हणून सिमेंटच्या घोळाने ती धरत नाही. आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं, न घसरणारं पॉलिमर अ‍ॅडेसिव्ह लागतं. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. कालवून ५ मिनिटं ठेवायचं आणि पुन्हा एकदा ढवळायचं, हे ढवळणं सर्रास चुकवलं जातं. एप्रिल-मेच्या उन्हात भिंतीवर पसरलेल्या थराला लवकर साय धरते. बोटाला चिकटत नसेल तर खरवडून टाका, वरून पाणी शिंपडून जिवंत होत नाही.

भिंतीवर १० किंवा १२ मिलिमीटर दात्यांच्या थापीने रेघा एकाच दिशेने, टाइलच्या आखूड बाजूला समांतर ओढायच्या, म्हणजे हवेला बाहेर जायचा रस्ता जवळ राहतो. टाइलच्या पाठीवरही पातळ हात. पाच गोळे ठेवून टाइल चिकटवायची जुनी पद्धत इथे नकोच. गोळ्यांमधल्या पोकळीवर नळासाठी भोक पाडताना टाइल तडकते, आणि बाथरूममध्ये तिथे पाणी साठतं. पहिली टाइल लावून लगेच काढून पाहा. ओल्या जागी ९५ टक्के पाठ माखलेली हवी.

सुरुवात जमिनीपासून नको. टाइलच्या दुसऱ्या थराच्या खालच्या रेषेवर पट्टी स्क्रूने पक्की करून तिच्यावर वजन द्या. खालचा थर नंतर फरशीच्या उतारानुसार कापून बसवायचा. क्लिप कोपऱ्यापासून दोनेक इंचांवर आणि लांब कडेला पुढे फूट-सव्वा फुटाला एक, अशा चार; आखूड कडेला दोन. क्लिपचा तळ अ‍ॅडेसिव्हमध्ये बुडलेला हवा. खाली कोरडं राहिलं तर नेमकी कड पोकळ राहते.

वेज आवळताना बहुतेकांचा हात सुटतो. कडा जुळल्या की थांबायचं, पक्कडीच्या जोरावर आणखी एक दात ओढायचा मोह आवरायचा. भिंतीवर क्लिप मागे बसलेली टाइल पुढे ओढते, आणि पुढे आलेल्या टाइलमागे पोकळी तयार होते. क्लिप तोडल्यावर टाइल परत मागे जाऊ पाहते, बंध सुटतो आणि ठोकल्यावर बद्द आवाज येतो. वरून मात्र सगळं सपाट दिसतं! म्हणून कड २ मिलिमीटरपेक्षा जास्त आत असेल तर वेज न ओढता टाइल काढून अ‍ॅडेसिव्ह वाढवायचं.

टाइलचा स्वतःचा बाकही असतो. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरल्या की फट दिसते. अशा टाइल अर्ध्या-अर्ध्या सरकवून लावल्या तर एकीचं फुगलेलं पोट दुसरीच्या टोकाशी येतं, क्लिपने तो फरक जात नाही. सरकवायच्याच असतील तर एक तृतीयांश, म्हणजे ४ फुटांत १६ इंच. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात क्लिप चालत नाही, तिथे गुण्या (काटकोनी पट्टी) आणि हात.

हिशोब असा: ५ बाय ८ चं बाथरूम, ७ फूट उंची, दार वजा जाता १६५ चौरस फुटांच्या आसपास भिंत. तुटफूट धरून २४ टाइल. टाइलमागे ६ क्लिप म्हणजे १४४, त्यामुळे १०० च्या दोन पिशव्या. वेज १०० पुरतात. अ‍ॅडेसिव्ह पाठीवरच्या थरासह २० किलोच्या पिशवीत ३० चौरस फूट धरा, म्हणजे सहा पिशव्या.

क्लिप २४ तासांनी तोडायच्या. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात ४८ तास थांबा, व्हिट्रिफाइडमागची ओल लवकर जात नाही. रबरी हातोडीचा फटका सांध्याच्या रेषेतच मारा, आडवा बसला तर ग्लेझचा टवका उडतो. निघालेले वेज पाण्यात टाका. दातांत वाळलेलं अ‍ॅडेसिव्ह पुढच्या कामाला तो वेज नीट बसू देत नाही.