कमाटीबागेत विकला जाणारा 'इम्पोर्टेड' डबा

बडोद्यात सकाळी पळायला जाणाऱ्यांपैकी कुणाला "बाहेर साडेसहा हजार, आपल्या ग्रुपला साडेतीन" असं सांगून कोणी प्री-रन पावडर (पळण्याआधी पाण्यात मिसळून घ्यायची) देत असेल, तर पैसे काढण्याआधी एवढं वाचा.

माझ्या नवऱ्याला वडोदरा मॅरेथॉनमधल्या हाफ मॅरेथॉनचं वेड लागलं. पळण्याला माझी ना नाही. पण अंगात ताप असो की बाहेर धो-धो पाऊस, पळायचंच. सासऱ्यांच्या श्राद्धाला गुरुजी येऊन बसले तरी हा पठ्ठ्या अकोट्याच्या पुलावर! एक दिवस चुकला की घरात सगळ्यांवर चिडचिड. ग्रुपच्या कोचने हे बरोबर हेरलं. नडगी दुखते म्हटलं की विश्रांतीचं नावही न काढता तो म्हणायचा, "रिकव्हरी कमी पडतेय, एकाऐवजी दोन स्कूप घे." दोन स्कूपनंतर हातापायांना मुंग्या, छातीत धडधड आणि दुखणं गायब. रात्री दोनला नवरा टक्क जागा. त्यावर सरांचं म्हणणं, "म्हणजे लागू पडतंय!"

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआयमध्ये नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. उत्तेजकाने थकवा जाणवेनासा होतो, हाड मात्र झिजायचं थांबत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

मग मी तो डबा घेऊन बसले. लेबलचा कोपरा नखाने उचकटला तर खाली आणखी एक लेबल, एक्स्पायरी उलटून गेलेलं. झाकणाखालच्या सीलच्या कडेला गोंदाचे वाळलेले ओघळ. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या परवान्याचा, 14 आकडी नंबर त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर टाकून पाहिला, तर तो भलत्याच राज्यातल्या पापड-मसालेवाल्याचा! इम्पोर्टेड मालावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता असावा लागतो, त्याचाही पत्ता नाही. बिल मागितलं तर, "वहिनी, घरच्या माणसांत बिल कसलं?"

प्रश्न साडेतीन हजारांचा नाही. 2012 च्या लंडन मॅरेथॉनमध्ये क्लेअर स्क्वायर्स ही 30 वर्षांची धावपटू शेवटच्या टप्प्यात कोसळली आणि दगावली. तिने पाण्यात मिसळून घेतलेल्या पावडरीत डीएमएए नावाचं उत्तेजक होतं. ते 'वाडा' (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. ज्यांची मुलं स्पर्धांत उतरतात त्यांनी तर जास्तच सांभाळावं, कारण डोप चाचणीत काही सापडलं तर "डब्यावर लिहिलं नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

पुष्कळ भांडल्यावर कोचने निम्मे पैसे परत केले आणि नवऱ्याला ग्रुपमधून काढून टाकलं, हे एक बरंच झालं. ग्रुपमध्ये अजून किती जणांकडे हा डबा आहे कोण जाणे. ज्यांनी घेतलाय त्यांनी तो फेकू नका, दोन्ही लेबलांचे फोटो काढा, यूपीआयची नोंद आणि चॅट जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करताना बिलाऐवजी आमच्या हाताशी तेवढंच होतं.