मंडळीचे मोफत जेवण: कायमच्या तुकड्या की पाळी?

जालन्यासारख्या गावात रविवारच्या उपासनेनंतर ख्रिस्ती मंडळीतर्फे सर्वांसाठी मोफत जेवण ठेवायचे, तर स्वयंसेवकांची विभागणी दोन प्रकारे करता येते: स्वयंपाक, वाढप आणि भांडी यांसाठी कायमच्या तुकड्या नेमणे, किंवा दर वेळी चार-पाच कुटुंबांवर पाळीने सगळेच सोपवणे.

पाळीमुळे बोजा वाटला जातो, परंतु अंदाज दर वेळी नव्याने चुकतो. माणशी साधारण १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे १०० पानांना १० किलो, हे गणित मुरलेल्या हाताला तोंडपाठ असते. आमच्या एका पाळीत मात्र दुसऱ्या पंगतीलाच भाताच्या पातेल्याचा तळ लागला आणि वाढणारा मुलगा रिकाम्या पत्रावळींपुढे मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवशी उपाशी परतलेल्यांत मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमालही होते, ही गोष्ट मला अजून टोचते.

तुकड्यांचा दोष एकच, पण मोठा: खरकटी भांडी वर्षभर तेच हात घासतात. म्हणून शिधा व स्वयंपाक कायमच्या तुकडीकडे आणि वाढप व भांडी पाळीने, हेच मला योग्य वाटते. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर सांगण्याचे काम तर एकाच जबाबदार माणसाकडे असावे.