आयफोन १६ई, गॅलेक्सी ए५६ की पिक्सेल ९ए: काय नाही, ते आधी बघू

फोन घेताना आपण विचारतो, यात काय काय आहे? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, चार्जिंग किती वॅटचं, स्क्रीन केवढी. या प्रश्नांची उत्तरं दुकानदाराला पाठ असतात. फोन घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत जी चिडचिड सुरू होते, ती मात्र नसलेल्या गोष्टींची असते. कार्ड घालायला जागा नाही, खोक्यात चार्जर नाही, जाहिरातीत पाहिलेलं फीचर भारतात चालत नाही. कस्टमर केअरला फोन केला की उत्तर येतं, ‘सर, वेबसाइटवर दिलेलं आहे.’

काही वेळा ते खरंच दिलेलं असतं, बारीक अक्षरांत. काही वेळा कुठेच नसतं. माझ्या मते फोन निवडताना हा फरक कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण आधी कळलेली उणीव आपण पत्करू शकतो किंवा फोन नाकारू शकतो. लपवलेली उणीव तो अधिकारच काढून घेते. म्हणून २०२५ च्या सुरुवातीला आलेले तीन फोन याच नजरेने शेजारी-शेजारी ठेवतोय: ॲपलचा आयफोन १६ई, सॅमसंगचा गॅलेक्सी ए५६ आणि गूगलचा पिक्सेल ९ए. भारतात आले तेव्हा १६ई ची किंमत ५९,९०० रुपयांपासून, ए५६ ची ४१,९९९ पासून आणि ९ए ची ४९,९९९ होती. आता भाव उतरलेत, तेव्हा घ्यायच्या दिवशीचा भाव बघा. एक मात्र विसरू नका: ९ए त्या किमतीत २५६ जीबीचा होता, बाकीचे दोघे १२८ जीबीचे.

तिघांतही नसलेल्या गोष्टी पटकन उरकतो. हेडफोनचं गोल भोक तिघांतही नाही. ॲपलने ते २०१६ मध्ये आयफोन ७ पासून काढलं, सॅमसंगच्या ए५० मालिकेतून ते २०२२ च्या ए५३ पासून गेलं आणि पिक्सेलच्या स्वस्त मालिकेतून त्याच वर्षी ६ए पासून. खोक्यात चार्जर तिघेही देत नाहीत. २०२० मध्ये आयफोन १२ सोबत ॲपलने चार्जर बंद केला आणि कारण पर्यावरणाचं दिलं. सॅमसंगने तेव्हा सोशल मीडियावर त्याची खिल्ली उडवली आणि काही महिन्यांत गॅलेक्सी एस२१ च्या खोक्यातून स्वतःचाही चार्जर काढला. ब्राझीलच्या सरकारने याच मुद्द्यावर ॲपलला दंड ठोठावला. आपल्याकडे मात्र चार्जरचे पैसे वेगळे धरायचे, एवढाच उपाय. एफएम रेडिओही तिघांत नाही. पुरात टॉवर पडले की रेडिओ किती कामाचा असतो हे कोकणात कुणाला सांगायला नको, आणि केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये फोनमधला एफएम बंद ठेवू नका अशी सूचना कंपन्यांना केली होती.

आता वेगळेपण. ए५६ मधली सगळ्यात बोचणारी उणीव म्हणजे मेमरी कार्ड. आदल्या वर्षीच्या ए५५ मध्ये कार्डाची जागा होती, ए५६ मध्ये ती गेली. सॅमसंगचा ए-मालिकेतला फोन घेणारे कित्येक जण वर्षानुवर्षं त्या कार्डासाठीच सॅमसंगकडे जात आले आहेत. मुलांचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, व्हॉट्सॲपवरून आलेलं सगळं कार्डावर टाकायचं आणि फोन बदलला की कार्ड नव्या फोनमध्ये सरकवायचं, ही त्यांची रीत. नव्या मॉडेलच्या जाहिरातीत ‘कार्ड काढलं’ असं कुणी लिहीत नाही. ग्राहकाने जुन्या मॉडेलशी ओळ न् ओळ ताडून पाहायची, आणि बहुतेकांना ते फोन घरी आणून जुनं कार्ड घालायला गेल्यावरच कळतं. त्यामुळे ए५६ घ्यायचाच असेल तर १२८ जीबीच्या वाटेला जाऊ नका, २५६ घ्या. सिस्टिम आणि आधीच भरलेली ॲप्स आपला वाटा घेतात, उरलेली जागा दोन वर्षांत भरते, आणि मग क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीच्या जागेचं भाडं सुरू होतं. वायरलेस चार्जिंगही ए५६ मध्ये नाही. मला त्याचं फारसं वाटत नाही, कारण ४५ वॅटचं वायरचं चार्जिंग चांगलं वेगवान आहे.

पिक्सेल आणि आयफोनमध्ये कार्ड कधीच नव्हतं, म्हणून तिथे फसवणुकीचा प्रश्न येत नाही. आयफोन १६ई ची गोष्ट निराळी आहे. नाव १६ चं, चिपचं नावही ए१८ च. पण खेळ-व्हिडिओची चित्रं सांभाळणारे चिपमधले ग्राफिक्सचे भाग (कोअर) १६ मध्ये पाच आहेत, १६ई मध्ये चार. जास्त रुंद दृश्य टिपणारा अल्ट्रा-वाइड कॅमेरा नाही. मॅगसेफची चुंबकं नाहीत, त्यामुळे चुंबकाने चिकटणारे स्टँड आणि पॉवर बँक वेगळं कव्हर घेतल्याशिवाय चिकटत नाहीत. स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी, तर त्याहून स्वस्त असलेल्या बाकी दोघांची १२० हर्ट्झची. यातलं बरंचसं ॲपलच्या वेबसाइटवर तुलनेच्या पानावर सापडतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. न सापडणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे रॅम किती आणि बॅटरी किती एमएएचची (हे बॅटरीच्या क्षमतेचं माप). ॲपल हे आकडे आपल्या पानावर देतच नाही. बॅटरीबद्दल ‘इतके तास व्हिडिओ चालेल’ एवढंच सांगते. साठ हजार रुपये मागणाऱ्या कंपनीने हे दोन साधे आकडे न द्यावेत, हे मला कधीही पटलेलं नाही.

दुसरी एक उणीव जास्त लागते: भारतात न चालणारी फीचर्स. आयफोन १६ई मध्ये उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ती हवीहवीशी वाटणारच. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत किंवा रतनगडाच्या मागच्या बाजूला रेंज नसते. पण ही सोय ॲपलने भारतात सुरू केलेली नाही, त्यामुळे ट्रेकचं कारण सांगून कुणी १६ई गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. पिक्सेल ९ए मध्ये ही सोय मुळातच नाही, ए५६ मध्येही नाही.

एआयचंही तसंच. ॲपलने जून २०२४ मध्ये हुशार, वैयक्तिक संदर्भ समजणारी सिरी (आयफोनमधली बोलून कामं सांगायची मदतनीस) दाखवली, तिच्या जाहिराती केल्या, त्या जोरावर फोन विकले आणि मार्च २०२५ मध्ये ‘अजून वेळ लागेल’ असं सांगत ती पुढे ढकलली. जाहिरात मागे घेतली, अमेरिकेत खटले झाले. मराठी बोलणाऱ्याला तर ॲपलच्या या एआयमध्ये मराठीच नाही. एआयशी बोलून संवाद साधण्याच्या गूगलच्या जेमिनी लाइव्हमध्ये २०२४ पासून मराठी आहे. ते ए५६ वरही चालतं, त्यासाठी पिक्सेल घ्यायची गरज नाही. पिक्सेल ९ए मध्ये रॅम ८ जीबी असल्यामुळे मोठ्या पिक्सेल ९ वरची, फोनमध्येच चालणारी काही एआय फीचर्स त्यात नाहीत. नाव ‘९’ बघून ती गृहीत धरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग: बॅटरी. या तिन्ही कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत ग्राहकाला नीट न सांगता फोनच्या ताकदीत किंवा बॅटरीत हस्तक्षेप केलेला आहे. तिन्ही प्रकरणं माहीत असायला हवीत.

ॲपलने २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटमध्ये जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी करायला सुरुवात केली. हेतू फोन अचानक बंद पडू नये हा होता, आणि तो खोटा नव्हता. पण ते लोकांना सांगितलं नाही. लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, आणि कित्येकांनी नवा घेतला, जिथे फक्त बॅटरी बदलून भागलं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंच या चाचणीच्या आकड्यांतून हे उघड झालं, तेव्हा ॲपलने कबूल केलं, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला. बॅटरीची तब्येत दाखवणारं जे पान आज आयफोनच्या सेटिंगमध्ये आहे, ते या प्रकरणातून आलं.

सॅमसंगचं प्रकरण मार्च २०२२ चं. गॅलेक्सी एस२२ मधली एक सेवा हजारो ॲप्सचा वेग दाबते, असं कोरियातल्या ग्राहकांनी दाखवून दिलं. यादीत नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम होते. वेग मोजणारी ॲप्स मात्र नव्हती. म्हणजे चाचणीत फोन पूर्ण ताकद दाखवणार आणि आपल्या हातात आल्यावर हात आखडता घेणार. गीकबेंचने एस१०, एस२०, एस२१ आणि एस२२ या चार पिढ्या आपल्या यादीतून काढून टाकल्या. नंतर सॅमसंगने ती सेवा बंद करण्याचा पर्याय अपडेटमधून दिला. या तिन्हींत मला हे सर्वांत वाईट वाटतं, कारण इथे बॅटरी वाचवण्याचं कारण पुढे केलं तरी चाचणीच्या ॲप्सना मिळालेली सूट त्याने समजावता येत नाही.

गूगलचं सर्वांत ताजं. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला एक अपडेट आपोआप आलं आणि काही फोनांची बॅटरी एकदम कमी चालू लागली. सकाळी भरलेला फोन दुपारपर्यंत टिकेना. हा फोन भारतातही विकला गेला होता. गूगलने बॅटरीच्या ‘स्थिरतेसाठी’ असं मोघम सांगितलं. मोफत बॅटरी, रोख रक्कम किंवा नव्या पिक्सेलवर सवलत असे पर्याय दिले. पण जुनं सॉफ्टवेअर आपल्या साइटवरून काढून टाकलं, म्हणजे मागे जायची वाटही बंद. खरा धोका बॅटरी तापून पेट घेण्याचा होता हे ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक सुरक्षेच्या नोंदीत पुढे आलं. धोका होता, तर पहिल्या दिवशीच तसं स्पष्ट सांगायला काय हरकत होती? माणसं तो फोन उशीजवळ ठेवून झोपत होती.

या इतिहासानंतर आज कोण काय सांगतं? पिक्सेल ९ए मध्ये गूगलने आधीच जाहीर केलंय की २०० चार्जिंग चक्रांनंतर बॅटरी टप्प्याटप्प्याने कमी भरली जाईल, हे १,००० चक्रांपर्यंत चालेल आणि ग्राहकाला ते बंद करता येणार नाही. रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याचं सातव्या महिन्यातच सुरू होईल. मला हा नियम आवडलेला नाही, पण तो कंपनीच्या पानावर लिहिलेला आहे, आणि ४ए च्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. आयफोन १६ई सेटिंगमध्ये बॅटरीची टक्केवारी आणि किती चक्रं झाली तेही दाखवतो. जुना फोन विकताना-घेताना याचा मोठा उपयोग होतो. या एका बाबतीत ॲपल आज पुढे आहे.

अपडेटच्या वचनात चित्र उलटं होतं. पिक्सेल ९ए ला सात वर्षं, ए५६ ला सहा वर्षं असं कंपन्या स्पष्ट लिहून देतात. ॲपल असा आकडा भारतीय ग्राहकाला ठळकपणे देत नाही. ब्रिटनमध्ये २०२४ ला लागू झालेल्या कायद्यामुळे तिथे तिला किमान पाच वर्षं असं लिहावं लागलं. प्रत्यक्षात ॲपल त्याहून जास्त देते. २०१८ च्या आयफोन एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. लेखी हमी हवी तर गूगल किंवा सॅमसंग, आजवरचा अनुभव पुरेसा वाटत असेल तर ॲपल.

कॉल रेकॉर्डिंग हा आपल्याकडे कळीचा मुद्दा. व्यापारी, दलाल, ठेकेदार यांच्याशी तोंडी व्यवहार करणाऱ्यांना ते लागतं. सॅमसंगच्या भारतातल्या फोनमध्ये ते कंपनीच्याच फोन ॲपात आहे. आयफोनवर २०२४ पासून आलंय, पण ‘हा कॉल रेकॉर्ड होत आहे’ अशी घोषणा समोरच्याला ऐकू जाते. गूगलच्या फोन ॲपातही तशीच घोषणा होते. घोषणा करणं समोरच्याशी न्यायाचं आहे असं मला वाटतं, पण ज्याला ती नको त्याने हे आधी जाणून घ्यावं.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून आयफोन मागवणार असाल तर थांबा. तिथल्या १६ई ला सिम घालायची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम चालतं. भारतात विकल्या जाणाऱ्या १६ई मध्ये सिमचा ट्रे आहे. दोन प्रत्यक्ष सिमकार्डं हवी असतील तर तिघांतला फक्त ए५६ कामाचा. आयफोन आणि पिक्सेलमध्ये दुसरं सिम ई-सिमच घ्यावं लागतं.

तर निवड. लातूर, चिपळूण, गोंदिया अशा ठिकाणी राहत असाल, किंवा आई-वडिलांसाठी घेत असाल, तर ए५६, तोही २५६ जीबीचा. सॅमसंगची दुरुस्ती केंद्रं जिल्ह्या-तालुक्यापर्यंत पोहोचलेली आहेत आणि स्क्रीन फुटल्यावर ते बाकी सगळ्यापेक्षा जास्त मोलाचं ठरतं. मुंबई-पुण्यात राहत असाल, फोटो हा मुख्य हेतू असेल आणि फोन पाच-सहा वर्षं वापरायचा असेल, तर पिक्सेल ९ए. बॅटरीचा नियम माहीत असून घेतलात तर पश्चात्ताप होणार नाही, फक्त चौथ्या-पाचव्या वर्षी बॅटरी बदलण्याचा खर्च धरून ठेवा. आयफोन १६ई मी फक्त एकाच माणसाला सुचवीन: ज्याचं घर आधीच ॲपलचं आहे, आयपॅड-मॅक-फेसटाइमवर ज्याचं रोजचं चालतं. बाकीच्यांनी तेवढ्या पैशात आयफोन १६ सवलतीत मिळतोय का ते आधी पाहावं.

दुकानात जाण्यापूर्वी एक काम करा. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मॉडेलला ऊर्जेचं लेबल लागतं. बॅटरी किती चक्रं टिकते, फोन पडल्यावर किती तग धरतो, दुरुस्ती किती सोपी, हे त्यावर असतं आणि ते तिथल्या सरकारी नोंदणीच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतं. भारतातलं मॉडेल किंचित वेगळं असू शकतं, म्हणून मॉडेल क्रमांक ताडून बघा. आपल्याकडे असं लेबल अजून नाही. दुकानदार ‘कार्ड लागतं’, ‘चार्जर येतो’ असं काही तोंडी सांगत असेल तर ते बिलावर लिहून मागा. तो लिहायला तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. लिहून देऊनही फसवणूक झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवताना तेच बिल हाताशी लागेल.