हार्टवर्मसाठी गोळी की मानेवरचे थेंब?

आमच्याकडे चार वर्षांचा देशी कुत्रा भुरू आणि मनी मांजर. घर ठाण्यात, उपवनजवळ, त्यामुळे डासांचं वेगळं सांगायला नको. आणि हार्टवर्म हा जंत डास चावल्यानेच कुत्र्या-मांजरांच्या अंगात शिरतो. थंडीत औषध थांबवावं का, असं बरेच जण विचारतात. डासाच्या शरीरात या जंताची अळी वाढायला साधारण 14 अंशांच्या वर तापमान लागतं आणि ते आपल्याकडे जानेवारीतही असतं. म्हणून माझ्या मते बाराही महिने द्यावं. सुरू करण्याआधी रक्ततपासणी मात्र टाळू नका.

पहिलं दीड वर्ष मी दर महिन्याला थेंब वापरले. खायला घालायची कटकट नाही, पिसवाही जातात. उन्हाळ्यात काहीच अडचण आली नाही. मग जुलै आला.

थेंब कोरड्या त्वचेवर टाकायचे असतात आणि भुरूची मान जुलैत कोरडी सापडेना. सकाळी येऊरच्या पायथ्याशी जाऊन आला की पार निथळत असायचा. टॉवेलने पुसलं तरी केसांच्या मुळाशी ओल राहायची, ड्रायर लावला की तो पलंगाखाली जायचा. दुपारी जरा वाळला की पुन्हा खाली न्यायची वेळ. टाकल्यावरही काही वेळ भिजू द्यायचं नसतं. "उद्या टाकू" म्हणता म्हणता 12 तारीख आली. आधीचा डोस 1 जूनचा, म्हणजे 41 दिवस झाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ही औषधं पुढच्या महिन्याची ढाल नसतात. मागच्या महिन्यात अंगात शिरलेल्या अळ्या ती मारतात. अळी साधारण 50 ते 70 दिवसांत कात टाकून पुढच्या अवस्थेत गेली, की महिन्याच्या औषधाचा तिच्यावर भरवसा उरत नाही. पुढे सहाएक महिन्यांत ती फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत मोठी होते. मादी 25-30 सेंटिमीटरपर्यंत वाढते, कुत्र्यात पाच-सात वर्षं जगते. मग मोठे जंत मारायला पाठीच्या स्नायूत मेलार्सोमिन या औषधाची इंजेक्शनं आणि काही महिने जिन्यावरही धावू न देणं. भुरूच्या वाट्याला हे यावं, या विचारानेच पोटात गोळा आला.

तेव्हापासून त्याला चघळायची गोळी. पावसाचा संबंधच उरला नाही. गिळेपर्यंत मी समोर बसतो आणि तासभर लक्ष ठेवतो, कारण एकदा त्याने ती उलटून टाकली होती. तुमच्या कुत्र्याचं पोट नाजूक असेल किंवा तो पावसात फारसा बाहेर पडत नसेल, तर थेंबही चांगले. मी त्यांना नावं ठेवणार नाही. एक मात्र सांगतो: गोचिडांसाठी घेतलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने यासाठी वापरू नका. हार्टवर्मची मात्रा किलोला 6 मायक्रोग्रॅम असते, गोचिडांची त्याच्या कितीतरी पट.

मनीला अजून थेंबच टाकतो. ती घराबाहेर जात नाही, मान कायम कोरडी, आणि गोळी तर ती हाताला ओरबाडून थुंकते. पण डास घरात येतातच, आणि मांजरात मोठे झालेले जंत मारायला सुरक्षित औषध नाही. म्हणून तिचीही तारीख मी चुकवत नाही.

दूधवाल्याचा हिशेब 1 तारखेला होतो. दोघांचं औषध त्याच दिवशी.