कोरगूट उकडा, 2 किलोची पिशवी: खानावळीच्या चुलीवरून

फोंड्यात माझी छोटी खानावळ आहे. रोजचा उकडा तांदूळ ज्योती वाणाचा, दिवसाला सात-आठ किलो. कोरगूट, म्हणजे खाऱ्या शेतात पिकणारा गोव्याचा जुना तांदूळ, घेतला तो एका बचत गटाच्या स्टॉलवर, कापडी पिशवीत, 240 रुपयांना. ज्योतीच्या जवळजवळ दुप्पट. एवढे पैसे मोजले, तेव्हा आधी तक्रारी सांगते.

घरी तोलली तर पिशवी 100 ग्रॅम कमी भरली. सुपात पाखडल्यावर अकरा खडे निघाले, आणि टरफलासकट राहिलेलं मूठभर भात. कोरगुटाला लांब कुसळ असतं, गिरणीत ते नीट निघत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मग विकण्याआधी एकदा पाखडायला काय होतं? गिरणीतून कधी आला त्याची तारीख पिशवीवर नाही. ‘मधुमेहींसाठी उत्तम’ एवढं मात्र ठळक छापलंय. आमच्याकडे यजमानांना दहा वर्षं गोळ्या चालू आहेत. ताटभर शीत जेवले की साखर कोरगुटानंही चढते, मीटरवर बघून सांगते.

आता चुलीचं. रात्री भिजत घातला तरी उघड्या टोपात पाऊण तास घेतो, ज्योती अर्ध्या तासात होतो. गॅस जास्त जातो. दाणा जाड, तांबडा, शिजल्यावर फुगतो पण फुटत नाही. बांगड्याचं हुमण ओतलं तर शीत रस धरून ठेवतं, खाली तळं साचत नाही. पुलावाला अजिबात घेऊ नका. पण पेज! तांबूस, दाट, किंचित गोडसर. चेपणीच्या तोराची, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैरीची, एक फोड तोंडी लावायची, बस. सकाळी दहा वाजता पेजेला येणाऱ्या दोघा रिक्षावाल्यांना न सांगता वाढली. दुसऱ्या दिवशी दोघांनीही ‘कालचीच’ मागितली.

खारट लागतो का, असं तिघांनी विचारलं. नाही लागत. खार शेतात असतो, दाण्यात नाही.

माझं माहेर दुर्भाटचं, जुवारीकाठचं. तिथलं खाजन, म्हणजे नदीकाठचं खारं शेत, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये फक्त मातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं ती उघडतात, भरतीला नदीच्या रेट्यानं आपसूक मिटतात. जूनच्या पावसानं खार धुपून गेला की मोड आलेलं बी टाकायचं. तरी थोडा खार राहतोच, म्हणून तिथं कोरगूटच लागतो, ज्योती जळून जातो. कापणी झाली की खारं पाणी आत घेतात. मग त्याच शेतात सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटे, काळुंद्रं अशी मासळी, आणि तिच्यामागे बगळे. पहाटे गेलात तर चिखलात हुदाची, म्हणजे पाणमांजराची, पावलंही दिसतात. बांधाबाहेरची खारफुटी लाटेचा जोर मोडते. पौष अमावस्येला मानगेथापणी असते, मातीची मगर करून पूजतात. लहानपणी आम्हांला तिची भीतीच वाटायची, बांध राखणारी तीच, हे आईनं नंतर सांगितलं. हे सगळं काल-परवाचं नाही. आमच्याच तालुक्यातल्या बांदिवड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्मा राजाच्या ताम्रपटात खाजनाचा उल्लेख आहे.

या पिशवीवर यातलं एक अक्षर नाही. माझा चुलतभाऊ म्हणतो, ‘भात विकून बांधाची माती निघत नाही, ताई.’ खेकडे बांधाला भोकं पाडतात, ती दर वर्षी चिखलानं बुजवावी लागतात, आणि माणसं मिळत नाहीत. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. घेणाऱ्याला जास्त मासळी हवी म्हणून दारं नको तेव्हा उघडी राहतात, आणि खार पिकात शिरतो. दोन-तीन वर्षं शेत पडीक राहिलं की आत खारफुटी उगवते. बाहेर ती हवीच, पण आत उगवली की भाताची जागा गेली. कोरगूट उंच वाढून आडवा पडतो आणि उतारा कमी देतो, ही आणखी एक रड. जुन्या गोव्याजवळ एल्याच्या कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातूनच निवड करून गोवा धान 1 आणि 2 हे वाण काढलेत, ते जास्त पिकतात. भावानं गेल्या साली अर्ध्या शेतात लावून पाहिला. पेजेला मात्र घरचे जुनाच मागतात.

म्हणून 240 रुपये मला चढे वाटत नाहीत. ते कुणाच्या हातात जातात, ते कळलं असतं तर बरं. स्टॉलवरच्या मुलीला मी विचारलं, ‘बाय, हा कुठल्या खाजनातला?’ ती म्हणाली, ‘गोव्यातलाच, मावशी.’

चवीला पाचपैकी साडेचार, सफाईला दोन. रोजच्या ताटाला मला परवडणार नाही. बुधवारी आणि शनिवारी पेजेला ठेवते, वाटीमागे दहा रुपये जादा, फळ्यावर तसं लिहून. दिवाळीनंतर नवा येईल, त्यातला दहा किलो भावाकडेच सांगून ठेवलाय. स्टॉलवर पुन्हा गेलेच, तर तराजू पिशवीत घालून जाईन.